गाडीचे वय आणि छातीतला धूर

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत एका प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंद झाली. काळे अंग, पिवळे छत. त्या दिवशी कुणाला त्यात काही विशेष वाटले नसेल, कारण अशा हजारो गाड्या तेव्हा मुंबईत धावत होत्या. पण त्यानंतर शहरात पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंद झाली नाही. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. ती भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ च्या सोमवारी शहरात टॅक्सी म्हणून एकही पद्मिनी उरली नाही. नोंदणीत शेवटची ठरलेली ती गाडी प्रभादेवीत राहणाऱ्या एका टॅक्सीमालकाची होती.

त्याआधी दीड महिना, १५ सप्टेंबर २०२३ ला, बेस्टची जुनी लाल डबल डेकर शेवटची धावली होती. लागोपाठच्या या दोन निरोपांनी मुंबईकर हळवे झाले. कुणी गाडीला हार घातला, कुणी मुलांना घेऊन फोटो काढले. हळहळ खरी होती. पण याच शहरातल्या नागरिकांनी पंचवीस वर्षांपूर्वी अशाच जुन्या गाड्यांच्या धुराविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली होती, हेही तितकेच खरे आहे. ज्या गाडीने माणसांना रात्री-अपरात्री रुग्णालयात पोहोचवले, तिच्याच धुराने काहींना तिथे जायची वेळ आणली. जुन्या गाडीचे पुढे काय करायचे, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौशी लोकांचा नाही. तो छातीचा, रक्ताचा आणि मुलांच्या मेंदूचाही आहे.

कुर्ल्याची गाडी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली. याच गाडीला १९७४ च्या सुमारास ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. इंजिन १,०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, पुढची सीट सलग आणि डिकी चार माणसांचे सामान मावेल एवढी. गणपतीला गावी जाणारी किती तरी कुटुंबे या गाडीत बसून स्टेशनवर किंवा एसटी स्टँडवर पोहोचली.

खासगी पद्मिनीसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहत. घरात गाडी येणे म्हणजे घरात लग्न निघाल्यासारखे असे. म्हणूनच आजही परळ, दादर, प्रभादेवीच्या एखाद्या गल्लीत किंवा जुन्या इमारतीच्या आवारात कापडी कव्हराखाली एखादी पद्मिनी उभी दिसते. वडिलांनी घेतलेली असते, मुलाने सांभाळलेली असते आणि नातवंडांना ती विकायची नसते. ती महिन्यातून एक-दोनदा बाहेर निघते. गाडीचा हा मालक श्रीमंत संग्राहक नसतो. आपली गाडी आणखी किती वर्षे ठेवता येईल, हे त्याला नीटसे कळत नाही.

सायलेन्सरमधून काय येते?

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण क्षणोक्षणी अचूक राखणे नव्या गाडीला जमते, कारण तिच्यात प्राणवायू मोजणारा सेन्सर आणि इंधन फवारणारा संगणक असतो. पद्मिनीत हे काम कार्बोरेटर करतो. तो यांत्रिक आहे. इंजिन थंड असताना चोक ओढला, गाडी सिग्नलला उभी राहिली किंवा हवेचा फिल्टर धुळीने भरला, की पेट्रोल जास्त आणि हवा कमी असे मिश्रण आत जाते. ते अर्धवट जळते.

या अर्धवट ज्वलनातून मुख्यतः दोन गोष्टी बाहेर पडतात. पहिली, कार्बन मोनॉक्साइड. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या माणसाला तो थोड्या प्रमाणातही त्रास देऊ शकतो. दुसरी, न जळलेले हायड्रोकार्बन. त्यात बेंझीन असते आणि बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे वैद्यकशास्त्रात निर्विवाद आहे. याशिवाय नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात. ती हायड्रोकार्बनशी उन्हात संयोग पावून ओझोन तयार करतात. हा जमिनीलगतचा ओझोन दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका चिडवतो.

नव्या पेट्रोल गाडीत हे तिन्ही वायू सायलेन्सरच्या आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाच्या डब्यातून जातात. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंच्या पातळ थरावर त्यांचे बरेचसे निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. देशातल्या चार महानगरांत नव्या गाड्यांना हा डबा १९९५ पासून सक्तीचा झाला. त्याआधीच्या गाड्यांमध्ये तो नाही.

फरक किती? १९९१ च्या भारतीय नियमांनुसार नव्या पेट्रोल मोटारीला, तिच्या वजनाप्रमाणे, किलोमीटरमागे १४.३ ते २७.१ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड सोडण्याची मुभा होती. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमात ही मर्यादा १ ग्रॅम आहे. हायड्रोकार्बनची मर्यादा २ ते २.९ ग्रॅमवरून ०.१ ग्रॅमवर आली. म्हणजे त्या काळची उत्तम स्थितीतली गाडीसुद्धा एका किलोमीटरमागे आजच्या चौदा ते वीस गाड्यांइतकी हवा बिघडवू शकते.

शिशाचा धडा

या धुरात एकेकाळी आणखी एक विष होते. इंजिनातला ‘नॉक’, म्हणजे ठोक्याचा आवाज, थांबावा म्हणून १९२० च्या दशकापासून जगभर पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जाई. त्याने वॉल्व्हच्या बैठकीचेही रक्षण होई. ते शिसे धुरातून हवेत, हवेतून धुळीत आणि धुळीतून रांगणाऱ्या मुलांच्या हातातोंडात जाई. शिशाने मुलांची बुद्धी आणि एकाग्रता घटते. त्याची सुरक्षित अशी कोणतीही पातळी आढळलेली नाही.

भारतात महानगरांत शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये आले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. परिणाम रक्तात दिसला. १९९७ मध्ये मुंबईत तपासलेल्या मुलांपैकी दहातल्या सहांच्या रक्तात शिशाचे प्रमाण तेव्हाच्या धोक्याच्या रेषेवर, म्हणजे डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक होते. शिशाचे पेट्रोल गेल्यानंतरच्या पाहणीत हे प्रमाण तिघांतल्या एकावर आले. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. पेट्रोलपंपावरच्या एका बदलाने हे साधले.

पण शिसे हाडांत साठते आणि तिथे दशकानुदशके राहते. १९९० च्या आसपास मुंबईत जन्मलेली मुले आज पस्तिशीत आहेत. गरोदरपणात किंवा उतारवयात हाडे झिजताना ते शिसे थोडे थोडे पुन्हा रक्तात उतरू शकते. धूर गाडीबरोबर भंगारात जात नाही, तो कुणाच्या तरी शरीरात मागे राहतो, हे यातून शिकण्यासारखे आहे.

परळच्या पाहणीपासून न्यायालयापर्यंत

मुंबईच्या हवेचा माणसाच्या छातीवर काय परिणाम होतो, हे मोजण्याचे मोठे काम प्रभादेवीपासून हाकेच्या अंतरावर झाले. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात लालबाग, चेंबूर, खार अशा कमीअधिक प्रदूषणाच्या वस्त्या निवडल्या. तुलनेसाठी ग्रामीण भाग घेतला आणि चार हजारांहून अधिक माणसांची तपासणी केली. प्रदूषित वस्त्यांत खोकला, धाप आणि श्वसनाच्या तक्रारी जास्त आढळल्या. तेव्हा गिरण्यांची धुराडी चालू होती, त्यामुळे सगळा दोष गाड्यांचा नव्हता. पुढे गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी टॉवर आले आणि गाड्या वाढत गेल्या. धुराड्याचा धूर उंचावर निघे. सायलेन्सरचा धूर गुडघ्याच्या उंचीवर निघतो आणि बाबागाडीतल्या मुलाच्या नाकाशी येतो.

१९९९ मध्ये ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिकांच्या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने वाहनांच्या धुराची गंभीर दखल घेतली. तत्कालीन परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पंधरा वर्षांहून जुन्या टॅक्सींनी एकतर स्वच्छ इंधन घ्यावे किंवा रस्ता सोडावा, अशी दिशा ठरली. पद्मिनीच्या डिकीत सीएनजीचा सिलिंडर आला. प्रवाशांचे सामान टपावर गेले, पण धूर घटला. पुढे २००८ मध्ये टॅक्सीला २५ वर्षांची वयोमर्यादा आली आणि २०१३ मध्ये ती २० वर झाली. २०२३ चा निरोप या साखळीतला शेवटचा दुवा होता.

औषधाची मात्रा, धुराची मात्रा

वैद्यकशास्त्रात एक जुने तत्त्व आहे : विष ठरते ते मात्रेवर. हेच तत्त्व जुन्या गाडीला लावून पाहिले, तर गोंधळ बराच कमी होतो.

समजा, कन्व्हर्टर नसलेली एक पेट्रोल टॅक्सी रोज १२० किलोमीटर, वर्षातले ३०० दिवस धावते. ती वर्षाला ३६,००० किलोमीटर चालते. किलोमीटरमागे १५ ग्रॅम धरले, तर ती वर्षात ५४० किलो कार्बन मोनॉक्साइड सोडेल. आता तशाच इंजिनाची घरगुती पद्मिनी घ्या. रविवारी कधी सिद्धिविनायकापर्यंत, कधी वरळी सी-फेसला, वर्षातून एखादे प्रदर्शन, असे मिळून ५०० किलोमीटर. तिची वर्षाची मात्रा झाली साडेसात किलो. आणि रोज ३० किलोमीटर याप्रमाणे ३०० दिवस ऑफिसला जाणारी बीएस-६ मोटार, मर्यादेइतका धूर सोडते असे धरले, तर वर्षाला ९ किलो सोडेल. हायड्रोकार्बनचा हिशोब केला तरी रविवारची पद्मिनी आणि रोजची नवी मोटार जवळपास सारख्याच, प्रत्येकी सुमारे एक किलोवर येतात.

या हिशोबातून दोन गोष्टी दिसतात. टॅक्सीला वयाची मर्यादा घालणे योग्य होते, कारण तिची मात्रा मोठी होती आणि ती दिवसभर माणसांच्या गर्दीतच फिरत होती. रविवारच्या गाडीला मात्र तेच वय तोच निकष म्हणून लावणे तर्काला धरून नाही.

पण हौशी मालकाने एवढ्यावर खूश होऊ नये. वरचे आकडे कारखान्यातून नुकत्याच आलेल्या, प्रयोगशाळेत तपासलेल्या गाडीचे आहेत. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, कार्बोरेटर बिघडलेल्या गाडीचा धूर याच्या कित्येक पट असू शकतो. शिवाय थंड इंजिन सुरुवातीच्या काही मिनिटांत सर्वांत जास्त धूर सोडते आणि रविवारची गाडी बहुतेक वेळा थंडच असते. पाच मिनिटे चालवून परत कव्हर घालणे हे गाडीलाही वाईट आणि शेजाऱ्यांनाही.

पीयूसीचा कागद हा यावरचा पुरेसा पुरावा नाही. भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकीला उभ्या अवस्थेत ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो, त्यानंतरच्या गाड्यांना मर्यादा ०.५ टक्का किंवा त्याहून कमी आहे. ही तपासणी गाडी उभी असताना होते. चढावर, ओझ्याखाली ती काय सोडते हे त्यात कळत नाही.

पंधरा आणि पन्नास यांच्या मधले

कायदा जुन्या गाडीला काय म्हणतो? केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली आणि मूळ रूपात, म्हणजे सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल न करता जपलेली गाडी व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये आणि फेरनोंदणीला ५ हजार रुपये शुल्क आहे. नोंदणी दहा वर्षे चालते आणि नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येते. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर काढता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. वैद्यकीय नजरेने पाहिले तर हा नियम शहाणपणाचा आहे. तो गाडी मारत नाही, मात्रा बांधून देतो.

अडचण पन्नासच्या आतल्यांची आहे. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्यांनी पन्नाशी नुकतीच ओलांडली आहे. पण उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, त्यामुळे शेवटच्या पद्मिनी २०५० पर्यंत व्हिंटेज होणार नाहीत. महाराष्ट्रात खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर बंदी नाही, मात्र दर पाच वर्षांनी तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आहे. पंधरा ते पन्नास या काळात गाडीला सात वेळा या दारातून जावे लागते. मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १० हजार झाले. हे शुल्क किती किलोमीटर गाडी चालली हे विचारत नाही. रोज धूर ओकणाऱ्या गाडीला आणि वर्षात ५०० किलोमीटर जाणाऱ्या गाडीला ते सारखेच.

दिल्लीने वयाचा निकष आणखी कडक केला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना राजधानी परिसरात मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचे नाही असे ठरले, पण लोकांच्या विरोधामुळे काही दिवसांतच ते थांबवावे लागले. मुंबईतही प्रश्न दारात आला आहे. शहरातून पेट्रोल आणि डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने काढणे शक्य आहे का, हे तपासायला समिती नेमा, असे उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आणि राज्य सरकारने सात जणांची समिती नेमली. या विचारात वर्षातून पाचशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा वेगळा रकाना असेल की नाही, यावर कव्हराखालच्या पद्मिनीचे भवितव्य ठरणार आहे.

नियमांशिवाय आणखी एक अडथळा थेट टाकीतच आला आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषते. जुन्या रबरी नळ्या, वॉशर, कार्बोरेटरमधले तरंगणारे भाग त्याने फुगतात किंवा चिरतात, आणि कार्बोरेटर जुन्याच प्रमाणात जुळवलेला असेल तर मिश्रणात हवा जास्त होते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हा त्रास जास्त. पेट्रोलची गळती म्हणजे आगीचा धोका आणि बेंझीनची वाफ. त्यामुळे इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवणे हा जुन्या गाडीच्या मालकासाठी आज ऐच्छिक खर्च राहिलेला नाही.

गाडी विजेवर का नेऊ नये? मान्यताप्राप्त संच बसवून तसे करता येते आणि सायलेन्सरचा धूर पूर्ण थांबतो. पण इंजिन बदलले की ती ‘मूळ रूपात’ राहत नाही आणि पन्नाशीनंतरची व्हिंटेज नोंद हातची जाऊ शकते. स्वच्छ करावी तर वारसा जातो, वारसा राखावा तर धूर राहतो, अशी ही कोंडी आहे.

गाडीजवळच्या माणसाची छाती

जुन्या गाडीचा सर्वांत मोठा धोका शहराला नसून तिच्याजवळच्या माणसांना असतो. त्याबद्दल फारसे बोलले जात नाही.

बॅटरी उतरू नये म्हणून बरेच मालक आठवड्यातून एकदा गाडी उभ्या जागी पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवतात. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये हे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गळून गेल्यासारखे वाटणे ही सुरुवातीची लक्षणे ‘ॲसिडिटी झाली’ म्हणून सोडून दिली जातात. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर इथे फसवते, कारण त्याला प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांना बांधलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही. आकडा ९८ दिसेल आणि माणूस बेशुद्धीकडे जात असेल. अशा वेळी आधी माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि तडक रुग्णालयात न्यावे. गाडी धुराजवळ चालू होती, हे डॉक्टरांना न विसरता सांगावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून दिलेल्या शुद्ध प्राणवायूने तो वेळ सुमारे तास-दीड तासावर येतो. बॅटरीसाठी ट्रिकल चार्जर वापरावा किंवा तिची तार काढून ठेवावी. गाडी सुरू करायचीच असेल तर मोकळ्यावर आणावी.

दुसरा माणूस म्हणजे मेकॅनिक. कार्बोरेटर आवाजावरून जुळवणारे हात आता थोडे उरले आहेत. त्या पिढीने हात पेट्रोलने धुतले, नळीला तोंड लावून पेट्रोल ओढले आणि ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवली. बेंझीन त्वचेतूनही शरीरात जाते. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असे. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर वीस ते चाळीस वर्षांनी आजार उद्भवू शकतो. म्हणून ड्रममधली धूळ फुंकू नये. ती ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे आणि जागा मिळेल तेव्हा नवे ॲस्बेस्टॉसमुक्त लायनिंग बसवावे. हात साबणाने धुवावेत. गाडी जपण्याचा खर्च करणाऱ्या मालकाने मेकॅनिकला हातमोज्यांची जोडी देणे हा त्या खर्चातला सर्वांत छोटा भाग आहे. जुन्या टॅक्सीचालकांनी आणि मेकॅनिकांनी चाळिशीनंतर खोकला किंवा धाप तीन आठवड्यांहून जास्त राहिली, तर आपला व्यवसाय सांगून छातीची तपासणी करून घ्यावी.

जगात काय करतात?

लंडनमध्ये जुन्या, जास्त धूर करणाऱ्या गाड्यांना शहरात यायला रोजचे शुल्क पडते. ऑगस्ट २०२३ पासून ते जवळजवळ साऱ्या लंडनला लागू आहे. पण चाळीस वर्षांवरच्या, ‘ऐतिहासिक’ म्हणून नोंदवलेल्या गाड्यांना त्यातून सूट आहे. जर्मनीत तीस वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला नंबरानंतर ‘एच’ हे अक्षर मिळते आणि तिला शहरातल्या पर्यावरण क्षेत्रांत जाता येते. म्हणजे ज्यांनी हवेचे नियम कडक केले, त्यांनीही जपलेल्या गाडीसाठी एक खिडकी उघडी ठेवली. फरक एवढाच की आपल्याकडे ती पन्नाशीला उघडते, तिथे तीस-चाळिशीला.

आपल्याकडे ही खिडकी आधी उघडायची, तर ती किलोमीटरवर उघडावी. पंधरा वर्षांनंतर मालकाने ‘वर्षाला अमुक इतकेच किलोमीटर’ असे लिहून द्यावे, दर वर्षी मीटरचा आकडा आणि धुराची कडक तपासणी व्हावी आणि त्या बदल्यात शुल्क माफक असावे. मर्यादा ओलांडली की सूट संपावी. हवेची पातळी वाईट असलेल्या दिवशी गाडी कव्हराखालीच राहावी. शाळा आणि रुग्णालयाच्या दारात ती तशीही नसावी. गाड्यांच्या धुराची दाटी रस्त्यालगतच्या काहीशे मीटरांत सर्वांत जास्त असते आणि मुंबईत तेवढ्या अंतरात एक अख्खी वस्ती राहते.

आणखी एक बाब न्यायाची आहे. सूट मिळते ती मुख्यतः संग्राहकांच्या झळझळीत गाड्यांना. ज्यांनी पद्मिनी पोटापाण्यासाठी चालवली, तोच धूर दिवसाचे बारा तास खिडकी उघडी ठेवून घेतला, त्यांच्या वाट्याला भंगारवाल्याचा भाव आला. बेस्टने दोन जुन्या डबल डेकर संग्रहालयासाठी राखायचे ठरवले. एक तरी काळी-पिवळी पद्मिनी जपावी, अशी विनंती टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारकडे केली होती, तिला यश आले नाही. उभी ठेवलेली गाडी धूर सोडत नाही. तिच्यासाठी लागते ती फक्त जागा, आणि ती सांभाळायला त्याच पिढीतला एखादा मेकॅनिक.

प्रभादेवीतल्या त्या शेवटच्या टॅक्सीला रस्त्यावरून काढणे आरोग्याच्या दृष्टीने बरोबरच होते. शेजारच्या गल्लीत कव्हराखाली उभ्या असलेल्या घरगुती पद्मिनीचा निर्णय वेगळा असायला हवा. दोघींचा जन्म एकाच कारखान्यात झाला, वयही कदाचित सारखेच असेल. पण एकीने वर्षाला छत्तीस हजार किलोमीटर माणसे वाहिली आणि दुसरीने पाचशे किलोमीटर आठवणी. डॉक्टर नुसत्या जन्मतारखेवरून औषध ठरवत नाही, आधी मात्रा पाहतो. गाडीच्या बाबतीतही तसेच व्हावे.